काका असले की पळणारा ताल

१

ज्या गाण्यात आई मरते, नेमक्या त्याच गाण्यात ढोल पिसाळले.

रंगमंचावर नर्तकी मेलेल्या आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. गाणं संथ, उजेड निळा, आणि एकाएकी ताल असा पळत सुटला की जणू मागे कुत्रं लागलंय. नर्तकीने क्षणभर धीर धरला, पण मेलेल्या आईलाच हसू फुटलं. दिग्दर्शकाने हातातली फाइल जमिनीवर आपटली आणि रंगीत तालीम तिथेच थांबली.

हे सगळं मला दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेल्यावर कळलं, तेही चौघांकडून चार तऱ्हांनी. संगीताचं सॉफ्टवेअर आणि बाहेरची यंत्रं यांच्यात बेबनाव झाला की तो मिटवायचा, हा माझा धंदा. लोक मला मावशी म्हणतात. पाठीमागे ‘संशयी मावशी’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नाही. घड्याळ बरोबर आहे असं कुणी सांगितलं की मी आधी सांगणाऱ्याकडे बघते, मग घड्याळाकडे.

मला फोन करून बोलावलं होतं ते गायिकेने. तिला सगळे ताई म्हणत. संगीताचा सारा कारभार तिचा. लॅपटॉप आणि कीबोर्ड तिच्या सख्ख्या धाकट्या भावाकडे, आणि डफ वाजवायला त्या दोघांचे काका. घरचीच मंडळी. घरच्या मंडळींचं काम आलं की मी दुप्पट सावध असते, कारण परकी माणसं निदान भांडण लपवत नाहीत.

ताईने मला नमस्कार केला, चहा विचारला आणि थेट कपडेपटात नेलं. दार लावून घेतलं. भिंतीवरच्या आरशात आम्ही दोघी दिसत होतो, आणि ती माझ्याशी न बोलता आरशातल्या माझ्याशी बोलली.

"मावशी, हे कोण करतंय ते मला माहीत आहे. तुम्ही फक्त कसं करतंय ते शोधून द्या."

"कोण करतंय?"

"माझे काका."

२

मी खुर्ची ओढून बसले. अशा बोलण्यानंतर उभं राहून चालत नाही.

वडील गेले तेव्हा ताई शाळेत होती आणि धाकटा नीट बोलतही नव्हता. काकांनी दोघांना वाढवलं, गाणं शिकवलं, स्वतः लग्नबिग्न काही केलं नाही. ड्रम वाजवून घर चालवलं. या नृत्यनाटकातही ड्रम तेच वाजवणार होते. मग दिग्दर्शकाला ‘यंत्राचा आवाज’ हवासा वाटला. तालयंत्र आलं, ड्रमसेट गोदामात गेला, आणि काकांच्या हाती डफ आणि दोन गाणी उरली.

"ते काय म्हणाले त्यावर?" मी विचारलं.

"म्हणाले, म्हातारपणी सवत आणलीत." ती हसली नाही. "तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. त्यानंतर हे सुरू झालं. मी वेडी नाही मावशी, मी ताडून पाहिलंय. काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, त्या दिवशी सगळं सुरळीत. एकदा ते उशिरा आले, ते येईपर्यंत सुरळीत. ते आले, बसले, आणि तिसऱ्या, आई मरते त्या गाण्यात ताल पळाला. ते असले की पळतो, नसले की नाही."

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते कधीकधी."

"दर वेळी त्याच फांदीवर?"

मुलगी बुद्धीने तल्लख होती.

"आणि समजा तेच निघाले, तर?"

तिने आरशावरची धूळ बोटाने पुसली. "दिग्दर्शकाने आधीच ध्वनिमुद्रित गाणी तयार ठेवली आहेत. संध्याकाळी तो शेवटची तालीम बघणार. पुन्हा पळालं तर उद्याच्या प्रयोगात आमच्यापैकी कुणीच नसेल. तोपर्यंत मला काकांना सांगायचंय की तुम्ही घरी थांबा. ते खरं असेल तर सांगेन. खोटं असेल आणि मी सांगितलं..." तिने आरशाकडे पाठ केली. "ज्या माणसाने मला वाढवलं त्याला मी चोर म्हणतेय. मला रात्री झोप लागत नाही."

मी उठले. "आधी यंत्रं बघू. यंत्रं खोटं बोलत नाहीत," मी म्हटलं. ही थाप मी सगळ्याच गिऱ्हाइकांना मारते.

३

रंगमंचाच्या उजव्या कडेला त्यांचा सगळा संसार मांडलेला होता. धाकटा वायरींच्या जंजाळात उकिडवा बसला होता. हा डोळ्याला डोळा न भिडवणारा पोरगा मला पहिल्या नजरेतच संशयास्पद वाटला, पण मला पहिल्या नजरेत सगळेच तसे वाटतात.

"समजावून सांग," मी म्हटलं. "मला काही येत नाही असं धर."

त्याने सांगितलं, आणि नीट सांगितलं. लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर हे घरातलं मोठं घड्याळ. ते तालयंत्राला एकसारख्या टिकटिका पाठवतं, प्रत्येक मात्रेला चोवीस. या टिकटिकींना मिडी क्लॉक म्हणतात. तालयंत्राला स्वतःची अक्कल नाही. चोवीस मोजल्या की एक मात्रा झाली, एवढंच त्याला कळतं. टिकटिका भराभर आल्या तर ते भराभर वाजवतं, का म्हणून विचारत नाही.

"आणि हे?" मी मधल्या छोट्या डबीकडे बोट दाखवलं. तिच्यात दोन वायरी शिरत होत्या आणि एक बाहेर पडत होती. शिरणाऱ्या प्रत्येक वायरीपाशी एक बारीक दिवा होता.

"मर्ज बॉक्स. दोघांचे निरोप एकत्र करून तालयंत्राकडे पाठवतो. एक वायर लॅपटॉपची, दुसरी ताईच्या पेडलची. तिसरं गाणं ती आधी मोकळं गाते, तालाशिवाय. तिचं ते संपलं की ती पायाने पेडल दाबते, मग ढोल सुरू होतात. ती केव्हा संपवेल ते तिलाच माहीत, म्हणून बटण तिच्या पायाशी. माझे दोन्ही हात तेव्हा कीबोर्डवर असतात."

मी कामाला लागले. लॅपटॉपमधून निघणाऱ्या टिकटिका पडद्यावर मोजल्या. एकसारख्या, बिनडाग. वायर बदलली. सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ दोन ठिकाणांहून पाठवलं जात नाही ना ते पाहिलं. नव्हतं. तालयंत्राला वाजवत ठेवलं आणि मर्ज बॉक्सकडे बघत राहिले. लॅपटॉपचा दिवा लुकलुकत होता, पेडलचा विझलेला. सगळं शहाण्यासारखं चाललेलं. चालू यंत्रात दोष शोधणं म्हणजे झोपलेल्या पोराची खोडी पकडणं.

मग पेडल उचललं. दोन बटणांचं पेडल. एक ताल सुरू करायचं. त्याच्या अगदी शेजारचं दुसरं प्रतिध्वनीचं: त्याच्यावर पायाने लयीत ठोके दिले की ताईच्या आवाजाचा प्रतिध्वनी त्या वेगाने येतो. बटणं लोण्यासारखी मऊ होती. वर ताईच्या अक्षरात ‘हात लावू नये’ असा स्टिकर होता, कडा काळ्या पडलेला, चांगलाच जुना. खालचे स्क्रू मात्र नव्या भांड्यासारखे चकचकत होते.

"पेडल जुनंच का रे?"

"हो, जुनंच की," तो म्हणाला. इतक्या झटकन की माझा प्रश्न अजून तोंडातच होता. आणि त्याने वळून काकांच्या खुर्चीकडे पाहिलं.

खुर्ची मर्ज बॉक्सपासून हातभर अंतरावर होती.

४

दिग्दर्शक प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत पाय पसरून बसला होता. उंच, गोड बोलणारा माणूस. गोड बोलणाऱ्यांबद्दल माझं मत सांगत बसत नाही.

"मला कुणाशी वैर नाही, मावशी," तो म्हणाला. "पण ध्वनिमुद्रण कधी रुसत नाही, कधी दाताच्या डॉक्टरकडे जात नाही."

"म्हणजे ताल पळाला तर तुमच्या पथ्यावरच पडतं."

"पडतं की." तो मोकळेपणाने हसला. "पण तिसरं गाणं चालू असताना मी इथे बसलेला असतो आणि सगळे मला बघत असतात. मी ओरडत असतो ना."

हे खरं होतं. ओरडणारा माणूस लपून काही करू शकत नाही. मी त्याला सोडून दिलं, मनातून नव्हे.

काका विंगेत एका लाकडी पेटीवर बसून डफाचं कातडं बोटांनी चाचपत होते. बारीक शरीरयष्टी, पिकलेल्या मिशा, पायात घासून पॉलिश केलेले बूट. मला बघताच त्यांनी सरकून जागा दिली.

"या. माझ्याच चौकशीला आलात ना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पोरगी लहानपणापासून मला अरेतुरे करायची. हे यंत्र पळायला लागल्यापासून अहोजाहो करते. एवढा मान मला कुणी उगाच देणार नाही." ते हसले, पण बोटं डफावर थांबली.

"यंत्राचा राग येतो?"

"येतो. खोटं कशाला बोलू. पण त्याला मारून काय, ते रडणार थोडंच."

"तिसऱ्या गाण्यात तुम्ही वाजवत नाही, तरी तिथे का बसता?"

"मग कुठे बसू? ती गात असते." हे त्यांनी असं सांगितलं की यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

मी त्यांच्या पायाशी असलेल्या डफाच्या पिशवीकडे पाहिलं. "बघू?"

पहिल्यांदाच ते गडबडले. पण अडवायला हात पुढे आला नाही. "बघा की," ते म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.

पिशवीत टॉवेलात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. मी टॉवेल उलगडला. आत एक पेडल होतं, ताईच्या पायाशी होतं त्याचंच जुळं भावंड. त्याच्यावर स्टिकर नव्हता. स्टिकर उपटल्यावर राहतो तो डिंकाचा चौकोन तेवढा होता.

५

मी सगळ्यांना रंगमंचावर बोलावलं. आता मला वाटतं, तेव्हा घाई केली. पण संध्याकाळ तोंडावर आली होती.

"ताल पळतो तेव्हा किती पळतो?" मी विचारलं.

"दुप्पट," धाकटा म्हणाला. "जवळजवळ बरोब्बर दुप्पट."

"म्हणजे लॅपटॉपच्या टिकटिकींमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी टिकटिका मिसळतात. आणि त्या जवळजवळ त्याच वेगाच्या असतात. वेग वेगळा असता तर ताल दीडपट झाला असता, लंगडला असता. नेमका दुप्पट होतो, याचा अर्थ जो कुणी ही दुसरी टिकटिक सुरू करतो त्याची लय पक्की आहे. गाणं चालू असताना त्याच लयीत ठोके देणारा माणूस." मी थांबले. "पेडलसारख्या वस्तूवर."

आणि टॉवेलातलं पेडल मी टेबलावर ठेवलं.

इतकी पक्की लय तिथे कुणाची होती, हे सगळ्यांना माहीत होतं. ताईचा चेहरा पांढरा पडला. धाकटा पेडलकडे बघत होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते.

"काका," ताई म्हणाली, "हे तुमच्या पिशवीत होतं?"

"होतं."

"कशासाठी?"

काकांनी धाकट्याकडे पाहिलं, मग डफाकडे. "ते राहू दे," ते म्हणाले. "मी नसलो की नीट चालतं ना? मग मी बाहेर बसतो. एवढ्यासाठी कुणाचा संसार नको मोडायला."

ते डफ घेऊन उठले आणि मागच्या दाराने बाहेर पडले. दार आवाज न करता लावून घेतलं. रागावलेला माणूस दार आपटतो. याचा मला त्रास झाला.

"तिसरं गाणं घ्या," मी म्हटलं.

ताई उभी राहिली. दोन्ही कानांत इअरफोन घट्ट खोचले, पायातल्या सपाता काढल्या, पेडलपाशी आली. मोकळं गायली, पायाने बटण दाबलं, ढोल सुरू झाले. खांबासारखी ताठ उभी राहून ती शेवटपर्यंत गायली. ताल कुठे हलला नाही. दिग्दर्शकाने टाळी वाजवली, एकट्यानेच.

ताई खाली बसली आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. "म्हणजे खरंच होतं," ती म्हणाली.

गिऱ्हाईक समाधानी झालं की मी बिल देऊन निघते. पण माझं समाधान झालेलं नव्हतं. टॉवेलातल्या त्या पेडलला वीज द्यायला वायर कुठे होती? ते जोडायचं कुठे? मर्ज बॉक्सची दोन्ही भोकं भरलेली होती. आणि ज्याला लपवायचं आहे तो ‘बघा की’ म्हणत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात माझाच हात लागत होता.

मी बाहेर गेले. काका पायरीवर बसले होते.

"आत चला," मी म्हटलं. "शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारी. दोन्ही हात मला दिसतील असे मांडीवर ठेवायचे."

प्रेक्षागृहातले दिवे मी लावून ठेवायला सांगितले. आम्ही दोघं शेवटच्या रांगेत बसलो. तिथून मर्ज बॉक्सपर्यंत पोहोचायला माणसाला पंख हवेत. ताईने आम्हाला पाहिलं, एक इअरफोन काढून कॉलरवर लटकवला, आणि गायला लागली.

ढोल सुरू झाले. काकांचे हात मांडीवर निश्चल होते. हनुवटी तेवढी बारीक हलत होती. काही ओळी सरळ गेल्या. मग ताईच्या आवाजामागचा प्रतिध्वनी किंचित बदलला, कुणी खुर्ची सरकवावी इतकाच.

आणि ताल पळत सुटला.

६

"कुणी काही बंद करू नका," मी ओरडले आणि माझ्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने पळत रंगमंच गाठला.

यंत्र आजारी असताना त्याच्याकडे बघायची संधी मला पहिल्यांदाच मिळाली होती. मर्ज बॉक्सवर आता दोन दिवे लुकलुकत होते. लॅपटॉपचा, आणि सकाळी विझलेला तो, पेडलचा.

मी खाली पाहिलं. ताईचा उजवा पाय अनवाणी पेडलच्या दुसऱ्या बटणावर होता, आणि आताही, गाणं बंद पडल्यावरही, हलकेच ठेका धरत होता.

"ताई, तुझा पाय काय करतोय?"

तिने खाली पाहिलं. पाय थांबला. तिचाच पाय तिला अनोळखी असावा तशी ती बघत राहिली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी म्हटलं. "बसा सगळे. काका, तुम्हीही इकडे या."

मग सांगितलं. ताल सुरू करायचं बटण दाबलं की ताईचा पाय सरकून शेजारच्या बटणावर टेकतो. तिथे लयीत ठोके पडले की पेडल प्रतिध्वनीचा वेग बदलतं. ते मी शेवटच्या रांगेतून ऐकलं होतं. पण हे पेडल तेवढ्यावर थांबत नाही. वेग मिळाला की ते स्वतःचं घड्याळ सुरू करतं आणि स्वतःच्या टिकटिका बाहेर पाठवायला लागतं. त्या मर्ज बॉक्सात जातात, लॅपटॉपच्या टिकटिकींत मिसळतात. तालयंत्र बिचारं सगळ्याच मोजतं. चोवीस आणि चोवीस. गाणारीची लय पक्की, म्हणून ताल बरोब्बर दुप्पट. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं की पेडल ते घड्याळ विसरतं, म्हणून सकाळी मला काहीच सापडलं नव्हतं.

"पण हे पेडल कित्येक दिवस माझ्या पायाशी आहे," ताई म्हणाली. "आधी असं कधी झालं नाही."

"हे पेडल नव्हे. ते काकांच्या टॉवेलात आहे." मी धाकट्याकडे वळले. "तू बोलतोस की मी बोलू?"

जुन्या पेडलवर पोराच्या हातून कॉफी सांडली होती. ताईचा ‘हात लावू नये’ असा स्टिकर असलेल्या पेडलवर. तिच्या रागाला भिऊन त्याने तसंच दुसरं आणलं, स्टिकर उपटून त्याच्यावर चिकटवला, जसंच्या तसं जोडलं आणि गप्प बसला. जुन्यात आपल्या आपण पाठवल्या जाणाऱ्या टिकटिका त्याने कधीकाळी बंद करून ठेवल्या होत्या, हे तो पार विसरून गेला होता. नवं आलं तेव्हा त्यात त्या सुरूच होत्या. जुन्याचं बटण दाबायला अंगाचं वजन लागायचं. नव्याला नुसता पाय टेकला तरी पुरे.

"आणि जुनं तुमच्या पिशवीत?" ताईने काकांना विचारलं.

"वाळवतोय," काका म्हणाले. "म्हटलं, चालू झालं तर गुपचूप परत ठेवू. पोरगा चार दिवस जेवत नव्हता नीट."

"आणि तू गप्प बसलास," ताई भावाला म्हणाली. "ते बाहेर निघून गेले आणि तू गप्प बसलास." धाकटा खाली मान घालून रडत होता. मी त्याला रुमाल दिला नाही. थोडं रडू दे म्हटलं.

"तरी एक राहिलंच," दिग्दर्शक म्हणाला. गोड माणूस, पण प्रश्न बरोबर होता. "म्हातारा नसला की हे का होत नाही?"

मी काकांकडे पाहिलं. "तुम्ही हिला लय कशी शिकवलीत?"

"कशी म्हणजे? लहान होती. माझ्या बुटावर पाय ठेवून उभी राहायची. मी पाय हलवायचो, तिचा आपोआप हलायचा." त्यांनी हे सांगितलं आणि मग त्यांनाच ते लक्षात आलं.

"काका नसले की ही दोन्ही कान बंद करून यंत्राच्या टिकटिकीवर गाते. ताठ, खांबासारखी. काका दिसले की एक कान मोकळा करते. आज दोन्ही वेळा मी बघितलं. तो मोकळा कान कुणासाठी, ते हिलाही ठाऊक नाही. मग ते शेवटच्या रांगेत बसून नुसती हनुवटी हलवोत, हिचा पाय त्यांच्याच बुटावर असतो." मी ताईला म्हटलं, "तुझं निरीक्षण खरं होतं, पोरी. ते असले की ताल पळतो. फक्त पळवतेस तू."

ज्या माणसाला तिने दिवसभर मनातल्या मनात हाकलून दिलं होतं, त्याच्या बुटांकडे ताई बघत होती.

"काका," ती शेवटी म्हणाली, "मी तुला घरी बसवणार होते. आज संध्याकाळीच सांगणार होते."

"माहीत होतं मला."

"मग भांडला का नाहीस?"

"तू अहोजाहो करत होतीस," काका म्हणाले. "परक्या बाईशी भांडायचं कसं?"

तिने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं, मग घड्याळ बाहीखाली सारलं.

उपाय म्हणाल तर पेडलमधली ती टिकटिक बंद करायला दोन बटणं पुरतात. ती मी बंद केलीच. पण ताईने खाली वाकून पेडल बाजूला सारलं, त्याची वायर मर्ज बॉक्समधून उपटली आणि माझ्या हातात दिली.

"मग ढोल कोण सुरू करणार?" धाकट्याने नाक ओढत विचारलं. "माझे हात मोकळे नसतात."

"यंत्रावर बटण आहे ना. काका दाबेल." ती त्यांच्याकडे वळली. "माझं मोकळं गाणं कुठे संपतं ते तुला कळेल?"

"तुझा श्वास कुठे संपतो ते मला तुझ्याआधी कळतं," काका म्हणाले. मग तालयंत्राकडे जरा वाकड्या नजरेने बघत म्हणाले, "पण सवतीला हात लावायचा म्हणजे..."

संध्याकाळच्या तालमीत त्यांनी खुर्ची उचलून तालयंत्रापाशी नेली. ताई गायली. शेवटचा स्वर विरला, काकांचं बोट खाली आलं आणि ढोल असे सुरू झाले की जणू तिच्याच छातीतून निघाले. तिचा अनवाणी पाय रिकाम्या लाकडी फळीवर मनसोक्त ठेका धरत होता आणि ताल जागचा हलला नाही. मेलेली आई शेवटपर्यंत मेलेली राहिली. दिग्दर्शकाने ध्वनिमुद्रित गाण्यांची पेटी बंद केली.

मी जायला निघाले तेव्हा काका म्हणाले, "मावशी, ती वायर ठेवून जा, कधी लागेल."

"नाही," मी म्हटलं, आणि वायर पर्समध्ये टाकली. माणसांवर त्या दिवशी मी विश्वास ठेवला होता. वायरीवरही ठेवायचा म्हणजे फार झालं.